कागदाच्या घरावरची मटकी

ती संध्याकाळ माझ्या मनातून अजूनही जात नाही. नोकरीच्या काळात मी चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खुनांच्या तपासातही साहाय्यक म्हणून काम केले. परंतु निवृत्तीनंतर मराठीत काही लिहावे असे वाटले तेव्हा आधी आठवले ते एक अगदी लहान प्रकरण. त्यात कोणी जखमी झाले नाही, काही चोरीलाही गेले नाही. तरी त्यात सापडलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मान खाली घालावी लागली, आणि त्या प्रत्येकात मीही आलो.

माझे वडील एका जहाज कंपनीत कारकून म्हणून सिंगापूरला आले. माझा जन्म, शाळा आणि पोलीस खात्यातली नोकरी हे सारे इथलेच. आईने घरात मराठी जपली, म्हणून बोलता येत होते; लिहायला मात्र उशिरा शिकलो. खात्यात मराठी बोलणारा मी बहुधा एकटाच असेन. सहकारी मला नुसते ‘इंडियन’ समजत आणि मीही कधी अधिक खुलासा करत नसे. त्या दिवशी तो खुलासा करण्याची वेळ आली.

मी तेव्हा टॅम्पिनीस भागातल्या ठाण्यात होतो. ऑक्टोबर संपत आला होता. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाची राष्ट्रीय परीक्षा, जिला इथे ‘ओ लेव्हल’ म्हणतात, सुरू झाली होती. भारतातल्या वाचकांनी दहावीच्या बोर्डाचा ताण आठवावा आणि त्यात थोडी भर घालावी. त्या दिवसांत आमच्या ठाण्यातले दूरध्वनीही वेगळे असतात. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढतो, शेजारचा मुलगा ड्रम वाजवतो, खालच्या घरात कोणी मोठ्याने टीव्ही लावतो, आणि तक्रार करणारी व्यक्ती हमखास शेवटी म्हणते, “माय चाइल्ड हॅज एक्झाम!” नवखे शिपाई हसत. मी हसत नसे. माझ्या मुलाच्या परीक्षेच्या वर्षी माझ्याही पत्नीने घरातल्या भिंतीवरचे घड्याळ टिकटिक करते म्हणून काढून ठेवले होते.

त्या संध्याकाळी आलेली तक्रार मात्र आवाजाची नव्हती. एका इमारतीत वरून पाणी फेकले गेले होते, आणि ते अंत्यविधीवर पडले होते.

इथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे दगडी टेबलांशी म्हातारी माणसे बसतात, मलय कुटुंबांची लग्ने लागतात, आणि चिनी कुटुंबात कोणी गेले तर शवपेटीही तिथेच पडद्याआड ठेवली जाते. तीन दिवस, पाच दिवस, ज्याची जशी रीत. दिवे लावतात, टेबले मांडतात, आल्यागेल्याला जेवू घालतात. मंत्र म्हणणारे झांजा आणि ढोल वाजवतात. मृताजवळ कोणीतरी जागे असावे म्हणून लोक पत्ते खेळत, शेंगदाणे फोडत बसतात. आणि बाजूच्या गवतावर कागदाचे एक घर उभे करतात. त्याला खिडक्या असतात, जिना असतो, दारात कागदाची गाडी असते. शेवटच्या दिवशी ते जाळतात, म्हणजे गेलेल्या माणसाला तिकडे राहायला घर मिळते.

मी आणि माझ्याबरोबरचा तरुण सार्जंट तिथे पोहोचलो तेव्हा त्या घराचे छत आत कोसळले होते. लाल रंग ओघळून भिंतींवर आला होता. गेलेल्या आजीबाईंचा थोरला मुलगा, साठीचा टॅक्सीचालक, हातात टॉवेल घेऊन कागदाची एक भिंत टिपत होता. टिपल्याने ती अधिकच फाटत होती.

“सहावा नाहीतर सातवा मजला,” पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक वृद्ध गृहस्थ इंग्रजीत म्हणाले.

“तुम्ही पाहिलंत?”

“मी पत्ते पाहत होतो. पण पाणी पडलं तो आवाज ऐकला. आठव्यावरून पडलं असतं तर जास्त जोरात पडलं असतं, लाह.” इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी हा ‘लाह’ सहज येतो.

दुसऱ्या खेळाडूने त्यांना गप्प केले. “याचं ऐकू नका, इन्स्पेक्टर. याला स्वतःच्या हातातले पत्तेसुद्धा दिसत नाहीत.”

थोरल्या मुलाने सांगितले की सर्वांत जास्त भिजली ती त्या घरापाशी जाळायचे कागद दुमडायला बसलेली एक शाळकरी मुलगी. ती घरी पळाली. ती नात्यातली नव्हती. आजीबाई तिला ‘आ मोई’ म्हणत, म्हणजे नुसते ‘पोरी’. राहते वरच कुठेतरी. मी ते टिपून घेतले. साक्षीदार म्हणून तिला शोधावे लागणार होते.

मग घटनास्थळाची पाहणी सुरू केली. मराठीत याला पंचनामा म्हणतात. आमच्याकडे पंच नसतात, छायाचित्रे असतात. सार्जंट कोसळलेल्या छताची छायाचित्रे घेत होता. “सर, पाण्याबरोबर काहीतरी पडलंय. बीन स्प्राउट्स असावेत.”

मी वाकून पाहिले. ओल्या लाल कागदाला बारीक तपकिरी दाणे चिकटले होते. प्रत्येकाला पांढरा, किंचित वाकलेला मोड होता. चिनी स्वयंपाकात वापरतात ते लांब, जाड मोड नव्हेत. ती मटकी होती. माझी आई ती फडक्यात बांधून ठेवत असे. सकाळी फडके सोडताना येणारा वास त्या क्षणी अगदी नाकाशी आला.

मला त्या वेळी जे वाटले ते नीट सांगितले पाहिजे. धागा सापडल्याचा आनंद मला झाला नाही. मला लाज वाटली, जणू माझ्याच घरातून कोणी ते पाणी फेकले होते. आजूबाजूला दुखवट्याचे कपडे घातलेली माणसे उभी होती आणि मला त्यांच्याकडे पाहवेना.

“बीन स्प्राउट्स नाहीत,” मी सार्जंटला म्हणालो. “ही आमच्या लोकांची भाजी आहे.”

“इंडियन?”

“मराठी,” मी म्हणालो. खात्यात तो शब्द मी प्रथमच उच्चारला असेल.

यानंतर मिळाली ती खबर. चहाचे कप विसळणारे एक आजोबा थोरल्या मुलाला काहीतरी सांगू लागले आणि त्याने ते आम्हाला इंग्रजीत सांगितले. आदल्या दिवशी सातव्या मजल्यावरच्या एक भारतीय बाई पडद्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या. आत न येता त्यांनी आजोबांना विचारले, “हाउ मेनी डेज, धिस पार्टी?” आजोबांना इंग्रजी जेमतेम येत होते. त्यांनी पंजा दाखवला. पाच दिवस. बाई मान डोलावून परत गेल्या.

“पार्टी,” थोरला मुलगा पुन्हा म्हणाला. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. त्याने फक्त टॉवेल पिळला.

सातव्या मजल्यावर आम्ही दार वाजवले. लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचे दार होते. त्या इमारतीतले जाळीचे प्रत्येक दार उघडताना किंचाळते. आम्ही वाटेत अनेक ऐकली. हे मात्र आवाज न करता उघडले, आणि बिजागरीला खोबरेल तेलाचा वास होता. हे मी मनात ठेवले. घरोघरी चौकशी करताना उत्तरांपेक्षा दारेच बऱ्याचदा जास्त सांगतात.

दारात चाळिशीच्या बाई होत्या. पोलिसांचा गणवेश पाहून त्यांनी ओढणी सावरली आणि इंग्रजीत हळू आवाजात म्हणाल्या, “प्लीज, हळू बोला. माझी मुलगी अभ्यास करतेय. उद्या तिचा पेपर आहे.”

“ताई, आपण मराठीत बोलू,” मी म्हणालो.

“अय्या, तुम्ही मराठी?” त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “या ना, आत या! मला वाटलं कुणी... बसा, सर. चहा टाकू?”

त्या आनंदाने मी अधिकच संकोचलो. हे कुटुंब मूळचे पुण्याचे. पती जुरोंग ईस्टला एका कंपनीत व्यवस्थापक. मुलगी इथल्या शाळेत आली तेव्हापासून ते पश्चिमेकडच्या एका काँडोत, म्हणजे खासगी गृहसंकुलात, राहत होते. परीक्षेच्या वर्षी प्रवासाचा वेळ वाचावा म्हणून वर्षारंभी मुलीच्या शाळेजवळचे हे घर भाड्याने घेतले होते. मुलीच्या खोलीचे दार बंद होते. जेवायची वेळ होईपर्यंत ते वाजवायचे नाही, असा घरातला नियम असल्याचे बाईंनी अभिमानाने सांगितले.

मी स्वयंपाकघर पाहायला मागितले. ओट्यावर चाळणीत मटकी निथळत होती. शेजारी मोठे पातेले पालथे घातलेले होते.

“खिडकीतून पाणी गेलं का, ताई?”

“सांडलं थोडं.” त्यांनी ओटा पुसायला घेतला. “धुताना सांडलं.”

मी ते पातेले पाण्याने भरले आणि खिडकीपाशी नेले. खिडकीचा कठडा माझ्या छातीपर्यंत येत होता. पातेले दोन्ही हातांनी उचलून, कठड्यावर टेकवून, पलीकडे कलंडवावे लागत होते. मग पातेले परत ओट्यावर ठेवले. चौकशीत बोलण्यापेक्षा असे करून दाखवणे पुष्कळदा पुरते.

“तुम्हाला काय सांगू, सर,” त्या एकदम म्हणाल्या, “तीन दिवस झाले हा दणदणाट! झांजा काय, ढोल काय! उद्या तिचा केमिस्ट्रीचा पेपर. हातात पातेलं होतं, इतक्यात पुन्हा झांजा सुरू झाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. आपल्याकडे गणपतीत कसं असतं, तसंच असेल म्हटलं. पाच दिवसांचा गणपती असतो ना, तसं यांचं काहीतरी. मखर पण केलंय खाली. म्हटलं, भिजलं मखर तर निदान आजच्यापुरतं थांबतील.”

“ताई, ते मखर नाही,” मी म्हणालो. “खाली एक आजी गेल्या आहेत.”

“गेल्या म्हणजे?”

मी टोपी काढून हातात घेतली.

“पण दिवे लावलेत! पंगती उठतायत! पत्ते खेळतायत ती माणसं!” त्या मला पटवून देत होत्या, जणू मी चूक कबूल केली तर आजीबाई परत येतील. “आपल्याकडे कुणी गेलं तर त्याच दिवशी नेतात. चूलसुद्धा पेटवत नाहीत. मला कसं कळणार, सर? मला कुणी सांगितलंच नाही.”

मग त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर खाली बसल्या.

तेवढ्यात पती घरी आले. वाटेत खाली त्यांना कुणीतरी सांगितले असावे. ते धावत आत आले आणि म्हणाले, “सर, मी केलं ते. माझं नाव लिहा.”

“केव्हा केलंत?”

“आत्ता... संध्याकाळी.”

“साहेब, तुमच्या पायात अजून बूट आहेत,” मी म्हणालो. त्यांनी खाली पाहिले. पुणेकरांच्या घरात बूट घालून स्वयंपाकघरापर्यंत आलेला माणूस नुकताच आला असणार, हे सार्जंटलाही कळले. पती पत्नीजवळ उकिडवे बसले. “अगं, काय करून बसलीस,” इतकेच म्हणाले.

इथे प्रकरणाचे गांभीर्य सांगितले पाहिजे. सिंगापुरात उंचावरून काही फेकणे ही किरकोळ बाब नाही. गुन्हा दाखल झाला, शिक्षा झाली, तर परदेशी कुटुंबाचा इथे राहण्याचा परवाना धोक्यात येऊ शकतो. पतीला ते ठाऊक होते. परीक्षा नुकती सुरू झाली होती, बहुतेक पेपर व्हायचे होते, आणि मुलीच्या चार वर्षांच्या शाळेचा निकाल त्या पातेल्यावर अवलंबून राहिला होता.

“मुलीला यातलं काही कळू देऊ नका, सर,” आई म्हणाल्या. “तिला आत काहीच ऐकू गेलेलं नाही. कानात ते घालून बसते.”

पण खोलीचे दार उघडले होते आणि मुलगी दारात उभी होती. सोळा वर्षांची, सडपातळ, ओले केस मागे बांधलेले. अंगात एक सैल टी-शर्ट होता आणि त्यावर चिनी अक्षरे होती.

मी तिच्या हातांकडे पाहिले. बोटांच्या टोकांना आणि नखांच्या कडांना सोनेरी चूर्ण लागले होते. मृतासाठी जाळायचा सोनेरी वर्खाचा कागद दुमडला की असे होते. मीही शेजाऱ्यांच्या दुखवट्यात तो दुमडला आहे. ते चूर्ण साबणाने लवकर जात नाही. जाळीच्या दाराला तेल कोणी घातले हेही मला कळले.

“आ मोई,” मी हळूच म्हणालो.

ती दचकली. मग इंग्रजीत तिने मला विचारले, “अंकल, मी खरं सांगितलं तर आईला परत पाठवतील का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “वचन देता येणार नाही.”

ती बोटांवरचे सोनेरी चूर्ण चोळू लागली. आई तिला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, “बाळा, तू आत जा. तू अभ्यास कर. तुझा काही संबंध नाही.”

“संबंध आहे,” ती मराठीत म्हणाली. मराठीत बोलताना तिला शब्द शोधावे लागत होते. “आई, मी आत नव्हते. मी खाली होते. ते पाणी माझ्यावर पडलं.”

आईंनी तिच्या ओल्या केसांकडे पाहिले.

“केसात मटकी होती, आई. मला लगेच कळलं की तू टाकलीस. सगळे विचारत होते, कुणी केलं, कुणी केलं. मी काही बोलले नाही. आय वॉज सो अशेम्ड. मी पळून आले.”

मग बाकीचे हळूहळू बाहेर आले. ती बरेच महिने संध्याकाळी गुपचूप खाली जात होती. दगडी टेबलाशी त्या आजीबाईंसमोर बसून अभ्यास करत होती. आजीबाईंना इंग्रजी येत नव्हते, वाचताही येत नव्हते. ही रसायनशास्त्र मोठ्याने म्हणायची आणि त्या शेंगदाणे सोलत मान डोलवायच्या.

“पण घरी काय कमी होतं गं?” आईंनी विचारले. “आम्ही टीव्हीसुद्धा लावत नाही.”

“म्हणूनच,” मुलगी म्हणाली. “घरी मी पान उलटलं तरी तू ऐकतेस. बाबा घरी आले की आधी विचारतात, टेस्टमध्ये किती? पो-पोनी, म्हणजे त्या आजींनी, मला कधीच विचारलं नाही, किती पडले. त्यांना कळायचंच नाही ना. शी जस्ट गिव्ह मी पीनट्स, लाह.”

पती भिंतीकडे पाहू लागले. मीही खिडकीकडे वळलो. दुसऱ्याच्या घरात असे काही ऐकताना माणसाने कुठे पाहावे, हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

जबाब मी तिथेच, जेवणाच्या टेबलाशी लिहून घेतला. आईंनी सर्व कबूल केले. ‘सांडलं’ हा शब्द त्यांनी स्वतः खोडायला सांगितला. मग त्या उठल्या. “मला खाली जायला हवं. पण मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

“लाल ओढणी काढ,” मुलगी म्हणाली. “तिथे लाल चालत नाही.”

आम्ही सगळे खाली गेलो. थोरल्या मुलासमोर आई हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांचे इंग्रजी चांगले होते, पण त्या क्षणी त्यांना एक वाक्य धड करता येईना. त्याने त्यांच्याकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले, आणि त्याला उलगडा झाला.

“ही तुमची मुलगी?” तो म्हणाला. “आम्ही पहिल्या दिवशीच मंत्रवाल्यांना सांगितलं होतं, झांजा लवकर थांबवा म्हणून. माझ्या आईच्या पोरीची परीक्षा आहे.”

त्या बाईंनी चेहरा ओंजळीत झाकला. मी बऱ्याच लोकांना बेड्या पडताना पाहिले आहे. त्यांच्यापैकी कोणी इतके खचलेले मला आठवत नाही.

“घर दुसरं मिळेल,” तो म्हणाला. “दुकानवाला उद्या पाठवेल. माझी माफी मागू नका. तिची मागा.” त्याने आजीबाईंच्या फोटोकडे हात केला. “ती फार चिडायची नाही. फक्त पत्त्यात हरली की.”

उदबत्त्या कशा धरायच्या हे आईंना माहीत नव्हते. मुलीने त्यांच्या हातात तीन काड्या दिल्या, त्या पेटवल्या, आपल्या सोनेरी बोटांनी आईंची बोटे नीट केली आणि किती वाकायचे ते दाखवले. आई मुलीकडे पाहून वाकत होत्या. आपल्या मुलीला हे सारे येते, याचे आश्चर्य त्यांच्या चेहऱ्यावर लाजेच्याही वर दिसत होते. मागे झांजा पुन्हा सुरू झाल्या. या वेळी कोणी दचकले नाही.

नंतर त्या दोघी दगडी टेबलाशी कागद दुमडत बसल्या. आईंची घडी चुकत होती, मुलगी ती उलगडून पुन्हा करून देत होती. पत्तेवाल्या गृहस्थांनी त्यांच्यापुढे शेंगदाण्यांची बशी सरकवली आणि मुलीला म्हणाले, “उद्या पेपर, आह? जा, झोप.” पती अजूनही उभेच होते. शेवटी कोणीतरी त्यांना खुर्ची दिली.

प्रकरण नियमाप्रमाणे वरिष्ठांकडे गेले. मी काही लपवले नाही, मटकीही नाही. स्पष्ट कबुली होती, कोणी जखमी नव्हते, आणि आजीबाईंच्या कुटुंबाने लेखी कळवले की त्यांचा काही आक्षेप नाही. कडक ताकीद देऊन फाईल बंद झाली. मुलीने तिचे सगळे पेपर दिले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे मला विचारले तर पोलीस म्हणून फार थोडे. मटकी ओळखणे हा काही तपासाचा नमुना नव्हे. माणूस म्हणून मात्र एक गोष्ट कळली. त्या घरात प्रेमाची कमतरता नव्हती. ते सगळे प्रेम फक्त एका बंद दारावर पहारा देत उभे होते, आणि आत कोणी आहे की नाही हे पाहायचे राहून गेले होते. माझ्या घरातले भिंतीवरून उतरवलेले घड्याळ मला त्या रात्री फार आठवले.

पुढे त्या कुटुंबाशी माझा घरोबा झाला. मी त्यांच्याकडे पुष्कळदा गेलो, मटकीची उसळही खाल्ली. निकाल लागला त्या आठवड्यात गेलो तेव्हा मुलीनेच दार उघडले. जाळीचे दार आता इतर दारांसारखे किंचाळत होते. आई आतून म्हणाल्या, “या, सर, बसा,” आणि मग आम्ही तिघेही क्षणभर थांबलो, कारण अशा वेळी पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

मी शेंगदाणे आणले होते. ते टेबलावर ठेवले आणि सोलायला बसलो. तिला किती गुण मिळाले, हे मी त्या दिवशी विचारले नाही, आणि आजतागायत मला ते माहीत नाही.